भरताचा कौल

घर कुठे घ्यायचं यावरून नवरा-बायकोची भांडणं सगळीकडेच होतात. बायको म्हणते माझ्या माहेराजवळ, नवरा म्हणतो माझ्या आईबापाजवळ, आणि मग ज्याचा आवाज मोठा त्याच्या गावाला टेम्पो निघतो. हेमांगी आणि कुंदनचं भांडण मात्र उलट्या बाजूनं पेटलं होतं. हेमांगी जळगावची, आणि ती दातओठ खाऊन सांगत होती की राहायचं तर धुळ्यातच. कुंदन धुळ्याचा, आणि जळगावसारखं शहर अख्ख्या महाराष्ट्रात नाही असं तो टेबलावर मूठ आपटून म्हणत होता.

"तुमच्या धुळ्याचे रस्ते बघ! फूटपट्टी ठेवून आखल्यासारखे सरळ," हेमांगी म्हणाली.

"सरळ आहेत म्हणूनच आमच्या आबांना ओट्यावरून चौकापर्यंतचं दिसतं. कोण कुठे चाललंय, कोणाच्या पिशवीत काय आहे. तुमच्या जळगावला बघ, केळी आहेत, सोनं आहे."

"मग केळी खा आणि सोनं चाट! मे महिन्यात जळगावचा कावळा सावलीत बसून दुसऱ्या कावळ्याला शिव्या देतो, माहितीये?"

"धुळ्याचा कावळा केव्हाच नाशकाला गेला."

पुण्यात वाकडला त्यांच्या फ्लॅटशेजारी राहणाऱ्या काकूंना वाटायचं, काय गुणी जोडपं आहे, भांडतानासुद्धा एकमेकांच्या माहेर-सासरचं कौतुक करतात.

झालं होतं असं की कुंदन ज्या ठिबकच्या नळ्या विकायचा, त्या कंपनीनं नव्या वर्षापासून त्याला खानदेश दिला होता. दिला म्हणजे विकायला. जळगावला राहा नाहीतर धुळ्याला, आम्हाला नळ्या खपल्याशी मतलब, असं साहेब म्हणाले. हेमांगी एका विमा कंपनीसाठी घरून काम करायची. आजारी माणसांचे दावे तपासायचे, दवाखान्यांशी बोलायचं, पैसे द्यायचे की नाही ते ठरवायचं. लॅपटॉप, इंटरनेट आणि बंद होणारं एक दार एवढं मिळालं की तिला कुठलंही गाव चाललं असतं.

अडत होतं ते दारापाशीच. गेल्या मे महिन्यात ती लॅपटॉप घेऊन जळगावला माहेरी राहून आली होती. माहेरच्या घराला दारं भरपूर होती, पण बंद होणारं एकही नव्हतं. आणि लॅपटॉपपुढे बसलेली पोरगी म्हणजे रिकामी बसलेली पोरगी, याबद्दल त्या घरात कोणाचं दुमत नव्हतं. तिचे वडील बन्सीलाल नाना गल्लीतल्या सगळ्यांची वीजबिलं तिच्यासमोर आणून टाकत. "तू तशी बसलेलीच आहेस, भरून टाक." आई बेबाबाईनं तर कहर केला. गच्चीवर ज्वारीच्या पापडासारख्या बिबड्या वाळत घातल्या आणि हातात काठी देऊन पोरीला तिथेच बसवलं. "तुला बसायचंच आहे ना? मग वर बस. कावळे येणार नाहीत." डोक्यावर ओला टॉवेल आणि एका हातात काठी घेऊन हेमांगीनं त्या उन्हात लोकांच्या हृदयाच्या ऑपरेशनांचे निकाल दिले. एके दिवशी व्हिडिओ कॉल चालू असताना बेबाबाई पाठीमागून वाकली, स्क्रीनमध्ये डोकं घातलं आणि मुंबईच्या मॅनेजरला विचारलं, "पाटील का? कोणते पाटील? लग्न झालं का तुमचं?"

मॅनेजर पाटील होता. लग्न झालेलं नव्हतं. पण त्यानं नंतर शांतपणे सांगितलं की पुन्हा असं झालं तर घरून काम बंद, रोज पुण्याच्या ऑफिसात यायचं. तो शांतपणे बोलला म्हणून हेमांगी जास्त घाबरली. खानदेशात राहून रोज पुण्याच्या ऑफिसात जायचं म्हणजे नोकरी सोडायचं सभ्य नाव.

कुंदनचं दुखणं वेगळं होतं. त्याचे वडील प्रेमराज आबा जवळपास झालेल्या प्रत्येक निवडणुकीला उभे राहिले होते आणि पडले होते, आणि पडलेल्या माणसाला भावकीत सतत फिरतं राहावं लागतं. कुंदन सुट्टीला धुळ्याला गेला की चपला काढायच्या आत गाडीची किल्ली त्याच्या हातात परत यायची. कोणाचा दहावा, कोणाचा साखरपुडा. एकदा तर बांधावरचं एक भांडण आबा पोचायच्या आत मिटलं होतं. एवढ्या लांब आलोय तर, म्हणून आबांनी ते पुन्हा लावून दिलं आणि मगच जेवले.

दोघांनाही आपापल्या घरचं पक्कं माहीत होतं. ते घरी तोंडावर सांगायची हिंमत मात्र दोघांपैकी कोणात नव्हती. म्हणून दोघांनी एकच चूक केली. आपापल्या बापाला फोनवर सांगितलं, "अजून ठरलं नाही."

खानदेशात 'अजून ठरलं नाही' याचा अर्थ 'तुम्ही ठरवा' असा होतो.

आबांनी नानांना फोन लावला. "सून आमनी शे, भाऊ. ती धुळालेच ऱ्हाई."

"सून तुमची, पण पोरगी आमची आहे. तिला इथलंच पाणी मानवतं," नाना म्हणाले. ही पोरगी लग्नानंतर पुण्याचं पाणी पीत होती आणि ठणठणीत होती, हा मुद्दा दोघांनाही सुचला नाही.

थंडीचे दिवस होते. थंडीत खानदेशात कुठलाही प्रश्न भरीत पार्टीशिवाय सुटत नाही, किंवा भरीत पार्टीशिवाय बिघडत नाही. जळगावजवळ नानांच्या एका मित्राचा मळा होता, तिथे जमायचं ठरलं. हेमांगी आणि कुंदन पुण्याहून आले. येताना गाडीत त्यांनी ठरवलं की आज सगळं खरं बोलून टाकायचं. मळ्याच्या फाटकापाशी ठरवलं की जेवण झाल्यावर बोलायचं.

आबा धुळ्याहून आले, गाडीतून उतरले, रामराम झाला. मग त्यांनी डिकी उघडली आणि एक गोणी खाली घेतली.

"हे काय?" नाना म्हणाले.

"वांगे शेतस."

जळगावच्या माणसाकडे भरीत खायला धुळ्याहून वांगी घेऊन जाणं म्हणजे नवरदेवानं मांडवात येताना आपली नवरीही सोबत आणण्यासारखं आहे. नानांनी पहाटे उठून हिरवीगार, लांबोळकी, हातात घेतली तर तान्ह्या लेकरासारखी भरतील अशी वांगी निवडून आणली होती. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"आमच्याकडे वांग्यांचा दुष्काळ पडला असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तसं नही, नाना. पन आपली वस्तू ती आपली. तुमनं भरीत बी बरं ऱ्हास, मी नाव नही ठेवत."

'बी बरं' हे शब्द नानांच्या वर्मी लागले. "मग होऊनच जाऊ द्या," ते ओरडले. "दोन चुली, दोन भरीतं. ज्याचं सरस, पोरं त्याच्या गावाला राहतील!"

"मंजूर शे!" आबा म्हणाले. निवडणूक समोर दिसली की त्यांना नाही म्हणता येत नसे.

"आणि कौल कोण देणार?" बेबाबाईनं विचारलं.

"पोरं देतील. त्यांना राहायचंय ना? मग त्यांनीच खाऊन सांगावं." नाना असे म्हणाले जणू लोकशाही त्यांच्याच मळ्यात उगवली.

हेमांगीला आधी वाटलं, गंमत चालली आहे. मग तिनं बापाचा चेहरा पाहिला.

"नाना, हे काय चाललंय? आम्ही कुठे राहायचं ते वांग्यांवर ठरवणार तुम्ही?"

"तू मध्ये बोलू नकोस. तू तशी बसलेलीच आहेस, कांद्याची पात निवड."

ती पात निवडायला बसली. बसताना तिनं पातीची जुडी अशी पिळली की पाणी निघालं. तिकडे कुंदनला आबांनी चूल फुंकायला बसवलं. "फुक रे, घरनी चूल शे," असं म्हणून आबा स्वतः खाटेवर टेकले आणि मळ्याच्या मालकाला मागच्या निवडणुकीत आपण का पडलो ते समजावू लागले.

दोन्ही चुलींत कपाशीच्या पऱ्हाटीच्या काड्या धडधडल्या. वांग्यांची सालं काळी पडून फाटली, लसूण-मिरच्या भाजल्या, आणि वारं फिरल्यामुळे मिरचीचा सगळा धूर माणसांवर आला. दोन्ही घरची माणसं खोकत, नाकं ओढत, पदरानं आणि उपरण्यानं डोळे पुसत उभी होती. रस्त्यानं जाणाऱ्या एका माणसानं सायकल थांबवली, टोपी काढून हात जोडले आणि पुढे गेला.

आबांची रिकामी गोणी चुलीशेजारी पडली होती. पात धुवायला जाताना हेमांगीनं तिच्यावरचा शिक्का वाचला. यावलकडच्या एका व्यापाऱ्याचा होता. म्हणजे वांगी जळगाव जिल्ह्यातून धुळ्याच्या बाजारात गेली होती आणि आबा ती धुळ्याची शान म्हणून परत जळगावला घेऊन आले होते. एरवी ती हसून लोळली असती. आता तिला वांग्यांचाच हेवा वाटला. निदान त्यांना जाऊन-येऊन दोन्ही गावं बघायला मिळाली होती.

लाकडी बडगीत वांगी ठेचली गेली. नानांनी आपल्या भरताला फोडणी दिली. आबांनी फोडणी न देता वरून कच्चं तेल सोडलं आणि शेंगदाणे सढळ हातानं टाकले. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या आल्या. केळीच्या एकेका पानावर डावीकडे जळगाव आणि उजवीकडे धुळं, असं वाढून ती पानं दोघांपुढे ठेवली. दोन्ही घरची माणसं भोवती कोंडाळं करून उभी राहिली आणि दोघांच्या जबड्यांकडे बघू लागली.

खरं सांगायचं तर दोन्ही भरीतं उत्तम होती. पण कुंदनला भरताची चव लागलीच नाही. त्याला जिभेवर आबांच्या गाडीची किल्ली लागत होती.

"नानांचं," तो म्हणाला.

आबा खाटेवरून उठले. "मना पोऱ्या शे ना तू? मनी चूल फुकी ना तू?"

नानांची छाती फुगली. जावई असावा तर असा, असं त्यांनी चारी बाजूंना बघून घेतलं. मग ते लेकीकडे वळले. आता औपचारिकताच उरली होती.

"आबांचं," हेमांगी म्हणाली.

नानांच्या हातातला बडगीचा दांडका पायावर पडला. त्यांनी पायाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मीठ कमी होतं का?"

"मीठ बरोबर होतं."

"फोडणी जळली?"

"फोडणीही बरोबर होती, नाना. मला जळगावला राहायचं नाही. तुमच्यामुळे."

तिनं पान पुढे सरकवलं आणि उभी राहिली.

"मी लॅपटॉपपुढे बसते तेव्हा मी बसलेली नसते! कामावर असते मी! माणसाच्या छातीची चिरफाड होते, त्याच्या घरचे फोनवर रडत असतात, पैसे द्यायचे की नाही ते मी ठरवते. आणि तुम्ही मला कावळे हाकायला बसवलं! गल्लीची बिलं भरायला लावली! आई साहेबाला विचारते कोणते पाटील! माझी नोकरी जायची वेळ आली होती, कोणाला माहीत तरी आहे का? आणि आज मला कुठे राहायचंय हे कोणी विचारलंत? वांग्यांना विचारलं! दोन्हीकडची एकाच जिल्ह्याची आहेत, वाचा, गोणीवर वाचा!"

"अगं पण कावळे तुलाच घाबरतात," बेबाबाई हळूच म्हणाली. तिला खरंच तेच महत्त्वाचं वाटलं होतं.

आबा गालात हसले. ते हसले म्हणून कुंदन पेटला.

"तुम्ही हसू नका, आबा! मला धुळ्याला यायचं नाही ते तुमच्यामुळेच!"

"मी काय करं? मी तुले डायवर समजस का रे?"

"नाही. ड्रायव्हरला सुट्टी असते!"

पुढचा भाग सगळे एकदम बोलल्यामुळे कोणालाच नीट आठवत नाही. बादलीत हात धुताना नानांनी जाहीर केलं की आजपासून लेकीच्या उंबऱ्याला त्यांचा पाय लागणार नाही, मग ती जळगावला राहो की लंडनला. व्याह्यापेक्षा कमी पडायला नको म्हणून आबाही गरजले, "मना बी लागाव नही!" दोन्ही भरीतं पानांवर गार झाली. ज्याचा मळा होता त्यानं बिचाऱ्यानं ती आपल्या घरी बांधून नेली.

परतीच्या वाटेवर पाचोऱ्याजवळ चहाला थांबेपर्यंत दोघं एकमेकांशीही बोलले नाहीत. चहा आला. तो अतिशय वाईट होता आणि त्यामुळे दोघांना जरा बरं वाटलं.

"एक सांग," कुंदन म्हणाला. "तुझ्या बापाचा अबोला टिकतो का?"

हेमांगीनं कप खाली ठेवला. "नाना सख्ख्या भावाशी माझ्या जन्माच्या आधीपासून बोलत नाहीत. मध्ये एक भिंत आहे. काका शिंकले तर नाना इकडे पंखा मोठा करतात. कारण काय होतं ते आता दोघांनाही आठवत नाही, पण राग ताजा आहे."

"कडक," कुंदन आदरानं म्हणाला. "आमच्या आबांचा राग म्हणजे आईस्क्रीम. कोणी पंगतीत जिलबी वाढली की संपला. धुळ्याला घर घेतलं तर संक्रांतीला किल्ली हातात येईल."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा हेमांगीला बापाच्या खुनशीपणाचा उपयोग दिसला.

"म्हणजे जळगाव," ती म्हणाली.

"जळगावच!"

मेहरुण तलावाच्या बाजूला फारुखभाईंच्या गादीच्या दुकानावर वरचा मजला रिकामा होता. जागा दाखवताना फारुखभाईंनी विचारलं, "बन्सीलाल नानांची ना तुम्ही? नानांचं एवढं मोठं घर असताना इथे कशाला?"

"त्यांचं आमच्याशी बोलणं नाही."

"मग उत्तम," फारुखभाई म्हणाले. "पाहुण्यांची वर्दळ नको असते आम्हाला. कापूस उडतो."

जानेवारीत सामान आलं. हेमांगीनं पहिल्याच दिवशी एका खोलीचं दार बंद करून पाहिलं. ते बंद झालं. तिनं ते उघडलं आणि पुन्हा बंद केलं. जळगावात अबोला जाहीर झाला की तो रस्त्यावरच्या लाल दिव्यासारखा सगळे पाळतात. मावशी रस्त्यात दिसली तर भाजीवाल्याकडे तोंड फिरवायची, चुलतभाऊ गाडी वळवून न्यायचे. कोणी बिल आणलं नाही, कोणी कॉलमध्ये डोकं घालून लग्नाची चौकशी केली नाही. हेमांगी दिवसभर काम करायची आणि संध्याकाळी तलावाकाठी जाऊन यायची. आपल्याच गावात आपण परदेशात राहतोय, आणि परदेश फार छान आहे, असं ती कुंदनला म्हणाली. मग बराच वेळ ती भांडी आपटत होती. का, ते तिला विचारायची कुंदनची छाती झाली नाही.

फेब्रुवारीत एका दुपारी ती कॉलवर होती. एका दवाखान्यानं एकाच माणसाचं अपेंडिक्स दुसऱ्यांदा काढलं होतं आणि ते कसं शक्य आहे ते डॉक्टर समजावत होते. मॅनेजर पाटीलही ऐकत होता. तेवढ्यात खालून आवाज आला.

"गेटा!"

हेमांगीनं खिडकीतून पाहिलं. खाली नाना उभे होते. उंबऱ्याला पाय लागणार नाही हा शब्द पाळून ते रस्त्यातच उभे होते, आणि लेकीशी बोलायचं नसल्यामुळे लोखंडी गेटाशी बोलत होते.

"गेटा, तुला सांगतो, त्या पोरीला सांग, आज तिच्या आईनं विचारलं, पोरगी बरी आहे का. मला काय माहीत? मी म्हटलं गेटाला विचारून येतो. आणि गेटा, हेही सांग, गावात राहून तोंड दाखवायचं नाही, याला काय म्हणतात!"

"कोणी आहे का तिकडे?" पाटीलनं विचारलं.

तिच्या मस्तकात कळ गेली. एवढं सगळं करून, वांग्यांपासून अबोल्यापर्यंत, तो माणूस भर दुपारी कॉलच्या मधोमध येऊन उभा राहिलाच होता. तिनं माइक बंद केला आणि गॅलरीत गेली. बापाकडे तिनं पाहिलं नाही. वाकून थेट गेटाकडे पाहिलं.

"गेटा! त्यांना सांग, मी कामावर आहे. सहाला सुटते. सहानंतर यायचं!"

नाना गेटाला म्हणाले, "घरातच तर आहे ती!"

"घरात आहे आणि कामावर आहे! दोन्ही एकदम असतं, सांग त्यांना! समजत नसेल तर पुन्हा सांग!"

गॅलरीचं दार आपटून ती परत येऊन बसली आणि माइक चालू केला. अपेंडिक्सवाले डॉक्टर अजून बोलतच होते, ही त्यातल्या त्यात दया.

थोड्या वेळानं तिनं पडदा बाजूला करून पाहिलं. नाना घरी गेलेच नव्हते. फारुखभाईंच्या दुकानापुढे एका गुंडाळलेल्या गादीवर, घराकडे पाठ करून, ते छातीवर हात बांधून बसले होते. मानेवरून दिसत होतं की राग उतरलेला नाही. इतक्यात तिची मावशी सुलक्षणा हातात वीजबिल घेऊन जिन्याकडे वळली. नाना आलेत म्हणजे अबोला सुटला, असं तिला वाटलं असावं.

"ए, कुठे चाललीस?" नाना असे खेकसले की गादीतून कापूस उडाला.

"बिल भरून घेते हो भाऊजी. पोरगी बसलेलीच असेल ना वर."

"ती कामावर आहे! सहाला सुटते! चल, हो मागे!"

मावशी गेली. फारुखभाईंनी नानांना पाणी दिलं. वर हेमांगी पडदा धरून उभी होती आणि तिला वाटलं होतं त्याच्या दुप्पट राग आला. इतकी वर्षं ती माणसाच्या भाषेत सांगत होती, रडून सांगत होती, ओरडून सांगत होती. ऐकलं कोणाचं, तर गेटाचं.

"तिकडे कोण ओरडतंय?" पाटीलनं पुन्हा विचारलं. "काही अडचण आहे का?"

"नाही सर," हेमांगी दात आवळून म्हणाली. "वॉचमन आहे आमचा. पुढे बोला, डॉक्टर. दुसरं अपेंडिक्स कुठून आलं?"